बिनसांडव्याचं धरण

आमच्या कॉलनीच्या ‘लँडस्केप अँड ट्रेल्स’ कमिटीचा अध्यक्ष म्हणून माझी निवड झाली तेव्हा मी डेंटिस्टच्या खुर्चीत तोंड उघडून पडलो होतो. जो मीटिंगला नसतो त्याची एकमताने निवड होते, ही पद्धत पुण्यातल्या सोसायटीमुळे मला चांगली ठाऊक होती. ती अमेरिकेतल्या बॉथेलपर्यंत पोचली असेल असं मात्र वाटलं नव्हतं. असोसिएशनच्या प्रेसिडेंट इन्ग्रिडबाईंचा अभिनंदनाचा मेसेज आला, त्याला मी बधिर जबड्याने आणि तितक्याच बधिर डोक्याने ‘थँक्स’ असं उत्तर दिलं. झालं.

पहिलं वर्ष बरं गेलं. झाडांच्या बुंध्याशी घालायचा भुसा काळा असावा की तांबडा, यावर मी दोनदा मतदान घेतलं आणि दोन्ही वेळा बरोबरी झाली. यापलीकडे माझ्या कारकिर्दीत काही घडलं नाही आणि घडू नये अशीच माझी इच्छा होती.

मग सप्टेंबरात इन्ग्रिडबाईंची ईमेल आली. मजकूर काही नाही, नुसता फोटो. त्यांचे स्वतःचे बूट, आणि बुटांच्या वर पाणी.

कॉलनीच्या मागून एक ओढा वाहतो. त्यात थंडीच्या सुरुवातीला समुद्रातून सामन मासे वर चढतात, म्हणून तो सरकारी संरक्षणाखाली आहे. काठावरचं पानसुद्धा परवानगीशिवाय तोडायचं नाही. काठाने आमची पायवाट जाते, तिच्यावर लोक कुत्री फिरवतात. त्या पायवाटेवर ओढ्याचं पाणी आलं होतं, पावसाचा थेंबही नसताना. बघायला गेलो, बरोबर सासऱ्यांना घेतलं.

माझे सासरे शशिकांतराव पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाले. सासूबाई गेल्यानंतरची त्यांची ही पहिलीच अमेरिका-खेप. आल्या आल्या त्यांनी घरातले सगळे नळ तपासले, डिशवॉशरचा उतार सुधारला, बागेतल्या पाइपाचा जॉइंट बदलला, आणि मग घरात गळत असं काही उरलंच नाही. तेव्हापासून ते सोफ्यावर बसून परतीचं तिकीट अलीकडे घेता येईल का, याची चौकशी करत होते. सुमेधाने, म्हणजे माझ्या बायकोने, मला बजावलं होतं, “बाबांना कुठेतरी गुंतव रे. आईशिवाय त्या घरात एवढ्यात परत गेले तर मला इथे झोप लागणार नाही.”

तर ओढ्यावर एक धरण उभं होतं. काटक्या, फांद्या, चिखल, दगड, एवढ्याच मालाचं, पण या काठापासून त्या काठापर्यंत सलग. मागे चांगलं तळं झालं होतं आणि त्यात बदकं पोहत होती. सासऱ्यांनी हात मागे बांधले आणि खात्यात असताना बघत असतील तसं ते बघू लागले.

“कोणी बांधलं?”

“बीव्हर म्हणून प्राणी असतो, बाबा. मोठ्या घुशीसारखा, पण शेपटी चपटी. दाताने झाडं पाडतो.”

“आणि डिझाइन?”

“त्याचंच.”

“देखरेख?”

“तीही त्याचीच.”

त्यांनी एकदा धरणाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. “म्हणून वेळेत झालंय,” ते म्हणाले.

मग त्यांनी ओढ्याच्या वर-खाली फेरी मारली. पात्र नेमकं जिथे अरुंद होतं आणि दोन्हीकडे काठ पक्का होता तिथेच त्याने जागा धरली होती. धरणाला प्रवाहाच्या बाजूने किंचित बाकही दिला होता. हे त्याला शिकवलं कोणी, तो राहतो कुठे, दिवसा काय करतो, मापं कशाने घेतो, असे प्रश्न सासरे मला विचारू लागले. मी सॉफ्टवेअरचा माणूस. फोनवर शोधून सांगत होतो, तर ते म्हणाले, “तुम्हाला स्वतःला काही माहीत आहे का, सुशांतराव?” अध्यक्षाशी या भाषेत कोणी बोलू नये असं मला वाटतं, पण जावई असलं की अध्यक्षपद गळून पडतं.

शेवटी त्यांनी निकाल दिला. “काम उत्तम आहे. पण सांडवा नाही. जास्तीच्या पाण्याला वाट नको का ठेवायला? पाऊस लागला की हे पाणी तुमच्या पायवाटेवरून गॅरेजात जाणार.”

इन्ग्रिडबाई आमच्याकडे आल्या, तेव्हा त्यांचंही तेच म्हणणं निघालं. त्यांचा उपाय सोपा होता. बोर्डाच्या पुढच्या महिन्यातल्या सभेपर्यंत पायवाट कोरडी झाली नाही, तर सापळेवाल्याला बोलवायचं, तो रीतसर परवाना काढून बीव्हरांना घेऊन जातो. कुठे घेऊन जातो, असं मी विचारलं तर बाई कॉफीच्या कपात बघायला लागल्या. उत्तर शेजारच्या प्रसन्नने दिलं. प्रसन्न नागपूरचा, आणि पिकअप ट्रक घेतल्यापासून त्याला अमेरिकेतलं सगळं कळतं. “कुठे नेत नाही रे बाबा,” तो म्हणाला. “संपवतात. सिंपल.”

सासरे पोहे खात होते. त्यांनी चमचा खाली ठेवला. “एवढं काम केल्यावर?” त्यांनी विचारलं. त्या दिवसापासून तिकिटाची चौकशी बंद झाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला कोणीतरी हलवून उठवलं. सासरे कानटोपी घालून, बागेतली कुदळ घेऊन उभे. “पावसाळ्यापूर्वीची कामं,” ते म्हणाले. आम्ही गेलो, आणि त्यांनी मला धरणाच्या माथ्यावर नेमकी हातभर रुंद खाच पाडायला लावली. पाणी खळाळत बाहेर पडलं. सासऱ्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी माझ्या लग्नातही पाहिला नव्हता. संध्याकाळपर्यंत पायवाट दिसायला लागली आणि मी इन्ग्रिडबाईंना फोटो पाठवला. कोरड्या बुटांचा.

सकाळी खाच बुजलेली होती. नुसती बुजलेली नाही, तिथे धरण वीतभर वर गेलं होतं. आम्ही परत पाडली. त्याने परत बुजवली, आणि या वेळी पूर्ण माथाच उचलला. हे असं सुरू झालं. सासरे रोज पहाटे खाच पाडवून घेत, बीव्हर रोज रात्री ती भरून वर एक थर देई, आणि पाणी पायवाट ओलांडून पलीकडच्या बसायच्या बाकापाशी पोचलं. एका रविवारी बाक बुडाला. कोणाच्या तरी आजीच्या स्मृतीप्रीत्यर्थ दिलेला तो बाक होता, त्यावरची पितळी पाटी तेवढी पाण्याबाहेर राहिली.

“मेंटेनन्स विंग जबरदस्त आहे त्याची,” सासरे म्हणाले. आवाजात राग कमी आणि कौतुक जास्त होतं.

एव्हाना सगळ्या कॉलनीला माझी कीव यायला लागली होती, म्हणजेच सल्ले यायला लागले होते. पद्मिनीमावशी इथे आमच्यातल्या सगळ्यात जुन्या. त्यांनी धरणावर गाण्यांच्या जुन्या सीड्या टांगायला सांगितल्या, पाखरं पळवायला त्यांच्या माहेरी शेतात टांगत. टांगल्या. बीव्हराने त्या बांधकामात वापरल्या. प्रसन्नने कोयोटीचं, म्हणजे इथल्या कोल्ह्याचं, मूत्र आणायला सांगितलं. हो, मिळतं, ऑनलाइन, बाटलीत. “अरे यार, एक स्प्रे मार, पुन्हा दिसणार नाही.” बाटलीचं झाकण माझ्या गाडीत उघडलं. बीव्हर जागचा हलला नाही, पण पुढचा पंधरवडा कॉलनीतलं एकूण एक कुत्रं माझ्या गाडीपाशी येऊन थांबायचं, आणि ऑफिसात मला बैठकांसाठी नेहमी खिडकीजवळची जागा मिळू लागली.

मग प्रसन्नची दुसरी आयडिया. वाघाची डरकाळी. “काका, जंगल का कानून आहे, प्राणी आवाजाला घाबरतो,” त्याने सासऱ्यांना समजावलं. सासरे म्हणाले की या देशात वाघ नाही, त्या बीव्हराने आयुष्यात वाघ ऐकला नसेल, तो कशाला घाबरेल? पण प्रसन्नचं मन मोडवेना. मी घरातला जुना फोन आणि सुमेधाने वाढदिवसाला दिलेला स्पीकर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून संध्याकाळी धरणापासून थोडं दूर, कोरड्या काठावर ठेवून आलो. डरकाळ्या चालू.

माझ्या लक्षात एक गोष्ट आली नाही. त्या फोनवर सुमेधाचं अकाउंट होतं, आणि डरकाळ्या संपल्या की फोन आपल्या मनाने तिचं झोपतानाचं संगीत लावी. सुमेधा ‘पहाडी झऱ्याचा खळखळाट’ ऐकत झोपते.

सकाळी काठावर स्पीकर नव्हता. त्या जागी चिखलाचा आणि काटक्यांचा एक नीटनेटका ढिगारा होता, माझ्या कमरेएवढा. सासरे वाकले, कान लावला.

“आतून पाणी वाहतंय,” ते हळूच म्हणाले.

आम्ही दोघं त्या ढिगाऱ्याकडे किती वेळ बघत उभे होतो, कोण जाणे. कोरड्या जमिनीवर, जिथे थेंबभर पाणी नाही, तिथे त्याने आख्खं धरण बांधलं होतं. का? मला खरंच कळून घ्यायचं होतं. भुशाच्या रंगाबद्दल असं कुतूहल मला कधी वाटलं नव्हतं.

सुमेधाने प्रीताला बोलावलं. प्रीताचे आईवडील सोलापूरचे, ती इथेच जन्मलेली, आणि ओढे-नाले वाचवणाऱ्या एका संस्थेत वन्यजीवांचं काम करते. ती गुडघ्यापर्यंतचे बूट घालून आली, ढिगाऱ्याची हकीकत ऐकली, आणि हसता हसता खालीच बसली.

“ओ माय गॉड. काका, त्याला तो साउंड आवडत नाही. रनिंग वॉटर ऐकलं की ही हॅज टु फिक्स इट. त्याला वाटतं डॅम लीक होतोय.”

सासऱ्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. “म्हणजे आपण रोज खाच पाडून त्याला कळवत होतो. इथे गळतंय, ये म्हणून.”

प्रीताचं हसणं थांबलं. “वेट. डॅमला कट कोणी केला? परमिट होतं?”

बीव्हराच्या धरणाला हात लावायला राज्याच्या मत्स्य आणि वन्यजीव खात्याची परवानगी लागते, हे मला तेव्हा कळलं. मी ग्रीन कार्डाच्या रांगेतला माणूस. धरणाला खाच पाडली म्हणून परत पाठवलेला पहिला पुणेकर, अशी स्वतःची बातमी मला डोळ्यांसमोर दिसली, फोटोसकट. मी तोंड उघडणार तेवढ्यात सासरे पुढे झाले.

“माझ्या आदेशावरून झालं,” ते म्हणाले. “ह्यांनी फक्त कुदळ धरली.”

फक्त कुदळ. पंधरा दिवस माझी कंबर धरलेली होती. पण इतक्या वर्षांत माझ्या बाजूने ते प्रथमच बोलले होते, त्यामुळे मी गप्प बसलो.

प्रीताने झालेली गोष्ट त्या खात्याला आधी खरी कळवायला लावली. तिथल्या माणसाने ताकीद दिली आणि डरकाळीची गोष्ट दोनदा सांगायला लावली. मग तिने उपाय सांगितला. धरणातून एक जाड पाइप आरपार घालायचा, त्याचं तोंड तळ्यात दूरवर, पाण्याखाली, जाळीच्या पिंजऱ्यात. पाणी आवाज न करता जातं, ठरावीक पातळीला तळं थांबतं, मासे जायला वाट राहते, आणि बीव्हराला पत्ता लागत नाही. “बेसिकली, काका, वी लाय टु हिम.”

“सांडवाच,” सासरे म्हणाले. “पण गुप्त.”

पुढचे दिवस आमचं जेवणाचं टेबल म्हणजे कार्यालय झालं. सासऱ्यांनी ओढ्याचा उभा छेद काढला, आडवा छेद काढला, आणि परवानगीचा अर्ज स्वतः लिहिला. त्याची सुरुवात ‘आय बेग टु सबमिट’ने होती आणि मध्ये बीव्हराचा उल्लेख ‘द एक्झिस्टिंग एजन्सी’, म्हणजे सध्याचा कंत्राटदार, असा होता. प्रीताने निम्मा मजकूर काढला. सासऱ्यांनी त्यातला निम्मा परत घातला. एकदा पाइपाचा व्यास चुकला म्हणून अर्ज परत आला, एकदा काठाच्या मालकीचा नकाशा हवा म्हणून परत आला, आणि तो नकाशा कॉलनीच्या कपाटात होता, आणि कपाटाची किल्ली इन्ग्रिडबाईंकडे, आणि इन्ग्रिडबाई नॉर्वेला बहिणीकडे. मी रोज वैतागायचो. सासरे रोज ताजेतवाने दिसायचे. “काम असंच होतं,” ते म्हणायचे. मधल्या काळात पाऊस सुरू झाला आणि पाणी मुलांच्या झोपाळ्याच्या दिशेने निघालं. सापळेवाल्याची वेळ बोर्डाने घेऊन ठेवली होती, सभेनंतरच्या सोमवारची.

परवानगी आली ती सभेच्या आदल्या आठवड्यात. शनिवारी प्रीता आणि तिचे स्वयंसेवक पाइप घेऊन आले. आम्हाला छातीपर्यंतच्या रबरी विजारी दिल्या. सासऱ्यांची विजार मोठी होती, ती सुमेधाच्या परकराच्या नाडीने बांधली. ते काठावर उभे राहून पातळी बघत होते आणि स्वयंसेवक, त्यात एक निवृत्त वैमानिक आणि एक शाळेच्या बाई, त्यांच्या हाताच्या इशाऱ्यावर इकडेतिकडे सरकत होते. मराठी एकालाही येत नव्हतं, पण “हां, हां, जरा खाली, बस्स” हे सगळ्यांना समजत होतं.

मला पिंजऱ्याची एक बाजू धरायला दिली होती. पाय सटकला, विजारीत पाणी शिरलं, आणि मी बुडतोय असं मी ओरडलो. प्रसन्नने वरून सांगितलं की उभा राहा. उभा राहिलो. पाणी गुडघ्याएवढं होतं. या प्रसंगाचा व्हिडिओ कॉलनीच्या ग्रुपवर आहे आणि इन्ग्रिडबाईंनी त्याला बदाम दिला आहे.

पाणी उतरायला लागलं. आवाज नाही, खळखळाट नाही, नुसतं उतरत होतं. आधी बाकाचे पाय दिसले, मग पायवाटेची कड. पण खरी परीक्षा बीव्हर येईल तेव्हा होती. एकदा त्याला पाइप सापडला आणि त्याने तो बुजवला, की सोमवार ठरलेला.

संध्याकाळी सासरे आणि मी झाडाआड बसलो. तो आला. मी त्याला पहिल्यांदाच नीट पाहिला, इतके दिवस त्याच्याशी भांडून. लठ्ठ, तपकिरी, फार गंभीर चेहऱ्याचा. धरणाच्या माथ्यावरून तो या टोकाकडून त्या टोकाकडे गेला. पाइपाला नाक लावलं. सासऱ्यांनी माझं मनगट धरलं आणि घट्ट दाबलं. बीव्हर बराच वेळ थांबला, ऐकत असल्यासारखा. मग आम्ही दिवसभरात विस्कटलेल्या दोन काटक्या त्याने जागेवर बसवल्या, आणि पाण्यात उतरला. त्याच्या मागोमाग दोन लहान डोकी पोहत गेली.

“कुटुंब आहे,” सासरे म्हणाले. माझं मनगट त्यांनी अजून सोडलं नव्हतं. मला त्या तिघांबद्दल एकदम इतकी माया वाटली की स्पीकरचं दुःखही गेलं.

सभेत इन्ग्रिडबाईंनी पायवाट कोरडी असल्याचं मान्य केलं. पण त्यांनी पाइपाची माहिती पूर्ण वाचली होती. जाळीत पालापाचोळा अडकतो, अडकला की पाणी परत चढतं. रोज कोण बघणार? एक नाव हवं. एक दिवस जरी चुकला तरी बोर्ड पुन्हा विचार करेल. खोलीतला प्रत्येक माणूस गालिचा बघायला लागला. कमिटीचा अध्यक्ष म्हणून मी सगळ्यात बारकाईने बघत होतो.

सासरे उठले. कोटाची गुंडी लावली. “मॅडम,” ते म्हणाले, “आय अंडरटेक. डेली इन्स्पेक्शन. पर्सनली.”

“किती दिवस?” बाईंनी विचारलं.

“टिल द स्ट्रक्चर इज इन सर्व्हिस.”

नाव लिहिलं गेलं. हात वर झाले, दोन सोडून सगळे. सोमवार रद्द झाला. सुमेधाने माझ्या कानात विचारलं, “बाबांचं पुढच्या महिन्यात तिकीट आहे, हे त्यांना आठवतंय ना?” मी म्हटलं, बोर्डाला आठवत नाही, तेवढं पुरे. माझा हिशोब असा होता की ते गेले की त्यांचं आश्वासनही विमानात बसून जाईल.

निघेपर्यंत ते रोज सकाळी छत्री घेऊन जात आणि मोठ्या दांड्याच्या दाताळ्याने जाळी साफ करत. मग विमानतळावर सुमेधा रडली, ते रडले नाहीत. मला मात्र एकदा पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, “सकाळी आठला. तिकडे तेव्हा रात्रीचे साडेनऊ असतात, मला चालेल.”

मला काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी, त्यांचं विमान पोचल्यानंतर काही तासांत, सकाळी आठला माझा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. सासूबाईंच्या फोटोशेजारी सासरे बसलेले, चष्मा लावून, पुढ्यात दूध. त्या घरात ते एकटेच होते. बॉथेलमध्ये बारीक पाऊस चालू होता आणि मी चहाचा पहिला घोट घेत होतो.

“निघालात का?” त्यांनी विचारलं.

आता रोज निघतो. एका हातात दाताळं, एका हातात फोन, काखेत छत्री. ऑफिसची पहिली मीटिंग मी अर्धा तास पुढे ढकलली आहे, कारण विचारलं तर ‘डेली इन्स्पेक्शन’ सांगतो. इन्ग्रिडबाई कधीकधी पलीकडच्या काठावर उभ्या असतात आणि फोनला हात करतात. आज बीव्हर अजून बाहेर होता, पिल्लं एका फांदीची साल सोलत होती, आणि मी उत्साहाने पुढे होऊन म्हटलं, “बाबा, दिसतायत का? दोन्ही आहेत.”

फोनमध्ये सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

“दिसतायत,” ते म्हणाले. “तुम्ही जरा बाजूला व्हा, सुशांतराव. जाळी दिसत नाहीये.”